मामा, दोष डीजेचा नव्हता

मामा, तू चुकला होतास. दोष डीजेचा नव्हता, व्होल्टेजचा नव्हता आणि आपल्या अंजूरच्या ट्रान्सफॉर्मरचाही नव्हता. मीही चुकले होते, पण तुझ्यापेक्षा कमी. हे आधीच सांगून टाकते, कारण बाकी काय लिहायचं ते मला अजून समजत नाही.

लोक विचारतात, रडलीस का? नाही रडले. तुझं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी वडप्याला गोडाऊनमध्ये ड्युटीवर गेले. आलेल्या गाड्यांच्या एन्ट्र्या केल्या, एका ड्रायव्हरशी भांडले, डबा खाल्ला. डब्यात काय होतं ते संध्याकाळी आठवेना. दाढ काढून आल्यावर गाल कसा होतो, तसं झालंय. हात लावला की कळतं, गाल जागेवर आहे. पण आपला वाटत नाही.

ओटीवर बसायला आलेले सगळे तुला देवमाणूस म्हणून गेले. तू देवमाणूस नव्हतास. तू भांडखोर होतास, हट्टी होतास, आणि चुकलास तरी आवाज खाली येत नसे. मंडप-लायटिंगचा धंदा करणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकाशी गोड बोलावं लागतं, हे तुला कुणी शिकवलंच नव्हतं. नवरदेवाच्या बापालाही तू सुनवायचास, "शेट, पांढरी लाइट लावू नको. पांढऱ्या लाइटीखाली नवरी कावील झाल्यासारखी दिसतं. पिवल्या बल्बाखाली ती नवरी दिसतं."

लोकांना एलईडीच हवी होती, म्हणून धंद्यापुरती तूही आणलीस. पण घरची माळ वेगळी ठेवलीस. काळी वायर, काळे होल्डर, आणि त्यात साध्या काचेचे जुने बल्ब, ज्यांच्यात आतली तार लालसर होऊन मग पिवळी पेटताना दिसते. ती माळ भाड्यानं जायची नाही. आपल्या घरातल्या पोरापोरींची हळद असली की तू ती गोणपाटातून काढायचास, मांडवात बांधायचास आणि तिच्याखाली एक स्टूल घेऊन उभा राहायचास. हळद संपेपर्यंत मान वर. जेवायला बोलावलं तरी यायचा नाहीस. मामी म्हणायची, "नवरीला बघा जरा, बल्बाचं लगीन न्हाय."

कारण ते बल्ब लुकलुकायचे. दर हळदीला. तू त्याला डोळा मारणं म्हणायचास. "हा बघ, माज्या भाचीला डोला मारतंय." मग स्टुलावर चढायचं, बल्ब काढायचा, त्याचं बूड बनियनला पुसायचं, होल्डरमध्ये एक फुंकर, परत बसवायचा आणि वरून एक टिचकी. "झाला. आता न्हाय मारनार." त्या संध्याकाळपुरता तो खरंच मारत नसे. पुढच्या हळदीला पुन्हा.

माझ्या हळदीला तर कहर झाला. निलेशनं तेव्हा नुकताच स्वतःचा डीजे घेतला होता. तुझा सख्खा पुतण्या, बहिणीच्या हळदीला पहिल्यांदा वाजवतोय, पोरगा किती खूश होता. त्यानं बेस वाढवला आणि स्वयंपाकघराच्या दाराजवळचे बल्ब फडफडायला लागले. तू गर्दीतून धावत त्याच्या अंगावर गेलास.

"निल्या, बंद कर तुजं डबडं! माजा फेज खातंय."

"काका, माझं जनरेटरवर हाय. तुमच्या लायनीला मी हातपन न्हाय लावला."

"मंग जमीन हालतं. बल्बाची तार हालतं."

"मंग नाचनाऱ्यांना सांगा ना, हलू नका म्हनून!"

लोक हसले, आणि तिथेच बिनसलं. मी पाटावर बसलेली, कपाळापासून पायापर्यंत पिवळी. तिथूनच ओरडले, "मामा, डीजेचं काही नाही! होल्डरच्या स्प्रिंगा सैल झाल्यात. नाहीतर बल्ब म्हातारे झालेत. बदल ते!"

"तू नवरी हायेस. नवरीनं फिजिक्स न्हाय बोलायचं," तू म्हणालास. आणि पुढच्याच मिनिटाला निलेशच्या हातातला माइक घेऊन साऱ्या गावाला ऐकवलंस, "आयका! ही माजी भाची. बीएस्सी हाय! आमच्या घरात पयली!"

मी घरातली पहिली पदवीधर आहे, हे कुणी न विचारता सांगायची सवय मला तूच लावलीस. लोकांना तो तोरा वाटतो. वाटू दे.

त्यानंतर निलेशचा डीजे तुझ्या अंगणात कधी वाजला नाही. दिवाळीला तो तुझ्याकडे जेवायचा, तू त्याला आग्रह करून वाढायचास, पण डीजेचा विषय निघाला की ताट घेऊन उठायचास. आणि माझ्याशी तुझा वाद चालूच. मी आले की पहिला प्रश्न तब्येतीचा नाही, "काय बीएस्सी, अजून स्प्रिंगच का?" मी चहाच्या कपाखालच्या बशीत बोटानं आकृती काढून दाखवायचे. कॉन्टॅक्ट नीट नसला की प्रवाह तुटक जातो, तार जुनी होते तशी बारीक होते, असं सगळं. तू ऐकायचास. खरंच ऐकायचास, मध्ये न बोलता. शेवटी म्हणायचास, "तुजं पुस्तक मुंबयचं. आमची लाइट अंजूरची."

कॉलेजच्या पहिल्या दिवशी तू मला टेम्पोनं भिवंडीला सोडलंस. मागे बांबू, ताडपत्री, त्या बांबूंना बांधलेलं लाल फडकं. गेटजवळ मी म्हटलं, इथेच थांबव. तू बरोबर गेटसमोर नेऊन लावलास आणि हॉर्न दिलास. मला लाज वाटली नाही, मामा. बाकीच्या पोरींना रिक्षानं सोडलं होतं. माझ्यासाठी अख्खा मंडप आला होता.

आणि संध्याकाळी घ्यायला आलास तेव्हा विचारलंस, "काय शिकवला आज?" मी सांगितलं. त्यातलं अर्धं तू तिथल्या तिथे खोडून काढलंस. घरात माझ्या शिक्षणाचं सगळ्यांना कौतुक होतं, पण मी काय शिकले ते कुणी विचारत नव्हतं. तू विचारायचास, मला हरवायला का होईना. हे तुला सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर म्हणाला असतास, "मंग हरली का न्हाय?"

आता बल्बांचं सांगते.

तू गेलास तेव्हा तुझ्या हर्षदाच्या लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. छातीत कळ आली, रिक्षात बसवलं आणि भिवंडीला पोचायच्या आत संपलं. तुझ्या खिशात तेव्हाही टेस्टर होता. तेराव्यानंतर मोठी माणसं बसली. वर्षभर थांबायचं की ठरल्या तारखेला उरकायचं? मुलाकडच्यांनी समजून घेतलं. उरकायचं ठरलं. डीजे नाही, नाच नाही, अंगणात लहानसा मांडव. हर्षदा तुझी एकुलती एक, पण तिनं कशालाच हरकत घेतली नाही. फक्त एवढंच म्हणाली, "बाबांची माळ लावायची. बाबांनी कबूल केलेलं."

मामी ऐकेना. "ते बल्ब डोला मारतात. बाप गेलाय, त्यात पोरीच्या हलदीला दिवं लुकलुकलं तं लोक काय बोलतील? तिच्या सासरचे काय बोलतील?"

निलेश म्हणाला, "काकी, मी एलईडी लावतो. फुकट. पिवळ्या पन मिळतात आता."

हर्षदा उठून आत गेली. मग मीच बोलले. म्हटलं, मामी, मी दुरुस्त करते. मामीनं अट घातली. "एक जरी बल्ब डोला मारला तं सगलं काडायचं. मंग मला कोनी बोलायचं न्हाय." ठरलं. तुझी माळ हर्षदाच्या हळदीला राहणार की उतरणार, हे माझ्यावर आलं.

पहिल्यांदा भिवंडीच्या बाजारात बल्ब शोधायला गेले. दुकानदार माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "मॅडम, ये तो अब म्यूज़ियम में मिलेगा." म्हटलं, माळ्यावर बघा, असेल. धूळ झटकत त्यानं थोडे काढून दिले. "घर में शूटिंग है क्या?" मी म्हटलं, शादी है. त्याला ते जास्तच विचित्र वाटलं.

दुपारी ओटीवर माळ पसरली आणि चालू केली. काही बल्ब स्थिर, काही फडफडणारे. तू कधी केलं नाहीस ते मी केलं. बटण बंद करून फडफडणारा बल्ब चांगल्या होल्डरमध्ये घातला. दोष बल्बात असेल तर तो बल्बाबरोबर जाईल, होल्डरमध्ये असेल तर जागेवर राहील. साधी गोष्ट आहे. पुन्हा चालू केलं. बल्ब नव्या जागीही फडफडला. म्हणजे बल्ब खराब. मग त्या वाईट होल्डरमध्ये बाजारातून आणलेला कोरा बल्ब घातला. तोही फडफडला. म्हणजे होल्डर खराब. दोन्ही एकदम, आणि तेही एकामागून एक तीच गत? माझ्या स्प्रिंगा म्हणाव्यात, तर पेन्सिलीनं दाबून बघितल्या, चांगल्या टणक होत्या. तारा म्हणाव्यात, तर उन्हात धरून बघितल्या, अखंड होत्या. डीजे तर नव्हताच. निलेश माझ्या बाजूला बसून चहा पीत होता.

मग माळेची पिन काढून ठेवली आणि मोबाइलचा टॉर्च लावून होल्डरच्या आत बघितलं. आतल्या दोन पिना पिवळ्या दिसत होत्या. पितळ, असं वाटून मी पुढे जाणार होते. पण पितळ चकाकतं, हे चकाकत नव्हतं. काडीनं खरवडलं तर खपली निघाली. बल्बाच्या बुडावरच्या दोन ठिपक्यांवरही तीच. नखावर घेतली, साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाकला, आणि ती लाल झाली.

हळद, मामा. तेलात कालवलेली, वाळलेली, बल्बाच्या उष्णतेनं भाजून घट्ट बसलेली हळद. मध्ये तिचा थर बसल्यावर पिन आणि बल्ब एकमेकांना नीट टेकणार कसे?

तुझा बनियन. हळदीला तुला कोण सोडणार? तू मामा, काका, आतेभाऊ, सगळ्यांचं सगळं. पहिल्या अर्ध्या तासात तुझा बनियन छातीवर ओला पिवळा व्हायचा. त्यालाच तू बल्बाचं बूड पुसायचास. वरून हळदीच्या बोटानं टिचकी. त्या वेळी ओली म्हणून चालून जायची, आणि पुढच्या हळदीपर्यंत वाळून बसायची. तू दर वेळी दुरुस्त करायचास आणि दर वेळी पुढच्या वेळेची तयारी करून ठेवायचास.

मला हसू यायला हवं होतं. मी नखावरचा तो लाल ठिपका बघत बसले. मामी मागे येऊन उभी होती, तिनंही बघितला. ती आत गेली.

निलेशला मी समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकलं आणि कप खाली ठेवला. "म्हंजे माझा डीजे निर्दोष सुटला."

"सुटला."

"काकाला सांगायला पायजे होता गो, ताय," तो म्हणाला. हसत म्हणाला खरा, पण कप उचलायला विसरून गेला. मग काही वेळानं स्वतःच पॉलिश पेपर घेऊन माझ्याशेजारी बसला आणि पिना घासायला लागला. आम्ही दोघांनी मिळून सगळे होल्डर घासले, बल्बांची बुडं घासली, स्पिरिटनं पुसली. पेपरवर पिवळी पूड पडत होती. त्यात कुणाची हळद कुठली, ते कळायला मार्ग नव्हता. माझीही होती. निलेशची होती. तुझ्या धाकट्या भावाची असेल, तुझीही असेल. मी ती पूड झाडून टाकली. ठेवून काय करणार होते?

एका गोष्टीवरून माझं मामीशी भांडण झालं, ते तुला सांगायलाच हवं. हळदीच्या सकाळी मी म्हटलं, मामी, हर्षदाला पहिली हळद तू लावायची. नवरा गेलेल्या बाईनं लावायची नाही, हे मला मान्य नाही. मामी म्हणाली, "तुजं शिक्षान तुज्याजवल ठेव." मी म्हटलं, मामा असता तर माझ्या बाजूनं बोलला असता. ती म्हणाली, "तो असता तं ही येलच आली नसती." बीएस्सी हरली. तू असतास तर टाळी वाजवली असतीस.

संध्याकाळी माळ लागली. तू बांधायचास तशीच, स्वयंपाकघराच्या दारापासून तुळशीपर्यंत. स्टूलही ठेवलं. मी सगळ्यांना ओरडून सांगितलं, हळदीच्या हातानं कुणी बल्बाला हात लावायचा नाही. बायका हसल्या. एक म्हणाली, "नवीन कायदा गो बाय, कॉलेजातून आलाय." लग्नातला पारंपरिक धवला गाणारी म्हातारी आली, तिनं बसून गाणी म्हटली. ढोलकी नव्हती, म्हणून तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. हर्षदा पाटावर बसली. तू म्हणायचास ते खरं होतं. पिवळ्या बल्बाखाली ती नवरी दिसत होती. बल्ब स्थिर होते. मी त्यांच्याकडेच बघत होते, हर्षदाकडे कमी.

आणि मग दाराजवळचा एक लुकलुकला.

एकदा. मग पुन्हा. गाणं थांबलं नाही, पण बायका वर बघायला लागल्या. हर्षदानं वर बघितलं आणि मग आईकडे. मामी दारातच उभी होती, बरोबर त्याच्याखाली. का लुकलुकला, मला अजून माहीत नाही. प्रत्येक होल्डर मी बघितला होता. बसवताना नीट फिरला नसेल. मी उठले आणि हात बघितले. कोपरापर्यंत हळद. निलेशकडे बघितलं, त्यानं आपले पंजे वर करून दाखवले, पिवळेधमक. माझ्या आईचे, मावशीचे, शेजारणींचे, पोरांचे, सगळ्यांचे तसेच. अख्ख्या मांडवात सुके हात एकाच माणसाचे होते.

मला वाटलं, आता मामी म्हणणार, काढा. ती म्हणाली, "निल्या, बटन बंद कर."

निलेशनं कोपरानं बटण दाबलं. अंगण काळं झालं, फक्त तुळशीतली पणती राहिली. मामीनं स्टूल पायानं ओढलं आणि चढली. बल्ब तापलेला होता, तो तिनं पदरात धरून काढला. बूड पदराला पुसलं. होल्डरमध्ये फुंकर मारली. बसवला, दाबून फिरवला. ती टिचकी मारेल असं मला वाटलं. नाही मारली.

"लाव."

तारा आधी लालसर झाल्या, मग पिवळ्या. सगळ्या. आम्ही सगळे दाराजवळच्या त्या बल्बाकडे बघत राहिलो. तो लुकलुकला नाही.

हर्षदानं पाटावरूनच हात पुढे केले. दोन्ही पंजे हळदीनं भरलेले. "आये, इकरं ये ना." तिला आईच्या गालाला लावायची होती. म्हातारीनं गाणं थांबवलं.

मामी स्टुलावरून उतरली, पण पुढे गेली नाही. "नको गो बाय," ती म्हणाली. "माजे हात सुकेच ऱ्हाऊदे. आजून बल्ब हायेत."

मग हळद संपेपर्यंत ती स्टुलाजवळ उभी होती, मान वर करून. जेवायला बोलावलं तरी आली नाही.